टिकली मेंढी आणि पाव्हना

९ डिसेंबर, मंगळवार

परत तीच मेंढी! तेरा वर्षं झाली तिला जाऊन, आबांच्या तोंडात अजून चरतेच आहे. मी फोन कशाला केला होता – यंदाच्या थंडीत फोटोवाल्यांची ट्रिप मी नेणार, ड्रायव्हर म्हणून नाही, लीडर म्हणून, एवढं सांगायला. बापाला बरं वाटेल म्हणून. तर म्हणे, "लोकस्ले पाव्हना दाखाडशी? तू? तुना घसामा आवाज तरी शे का?" आणि मग टिकली. पोटुशी होती, आज तेरा हजारांना गेली असती. दरवर्षी भाव वाढतो तिचा. जिवंत मेंढ्यांचा एवढा वाढत नाही.

पाव्हना म्हणजे लांडगा. मेंढ्यांजवळ त्याचं नाव घ्यायचं नाही, ही आमच्या घरची रीत. नाव घेतलं की येतो म्हणतात. आबा तर फोनवरसुद्धा घेत नाहीत.

मी म्हटलं, आबा, मी अकरा वर्षांचा होतो. ते म्हणाले, "मी अकराचा व्हतू तवय दोनशे मेंढ्या एकला राखत व्हतू." फोन बंद झाला. मी बंद केला का त्यांनी, का रेंजने, माहीत नाही.

१० डिसेंबर

निंबामामा बारा तासांची पाळी करून आला, बादलीत पाय घालून बसला. त्याला सांगितलं. म्हणतो, "तुझं काय, आज हे उद्या ते. इच्छापोरच्या कंपनीत सात महिने. रिक्षा चार महिने. आता वाघ-सिंह." म्हटलं, वाघ नाही मामा, लांडगा. "मग तर त्याहून हलकं." मामी पदर तोंडाला लावून हसली.

१२ डिसेंबर, शुक्रवार

ही डायरी कुंदनभाईंनी सोमवारी दिली. सुताच्या व्यापाऱ्याची आहे, वार-तारखा गुजरातीत छापलेल्या. कुंदनभाई कॅमेरे भाड्याने देतात आणि थंडीत लोकांना जंगलात नेतात. "काय दिसलं, कुठे, किती वाजता, रोज लिही. लीडर लिहितो," असं म्हणाले. आतापर्यंत मी काय लिहिलं? मेंढी आणि मामाचे पाय.

त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय म्हणून मी. दोन वर्षं त्यांची गाडी चालवतो. गवतात जनावर बसलेलं असलं तर सगळ्यांआधी मला दिसतं, हे त्यांनी हेरलंय. मला का दिसतं हे त्यांना माहीत नाही. सहावीपर्यंत शाळा, त्यातलीही निम्मी मेंढ्यांमागे, दुसरं काय दिसणार मला.

ट्रिप नीट झाली तर मार्चपर्यंतच्या सगळ्या माझ्या. नाही झाली तर? "तर स्टिअरिंग आहेच," म्हणाले. म्हणजे परत मधल्या दिवसांत मामाबरोबर कापडाच्या लूमवर उभं राहायचं. लूमवर दिवसभर कोणी कोणाशी बोलत नाही, ऐकूच येत नाही. खोलीवर आलं तरी कानात खडखड चालूच. चौदाव्या वर्षी सुरतेत लिंबायतला आलो तेव्हा पहिली रात्र मी रडलो ते घर आठवून नाही. घंटा ऐकू येत नव्हती म्हणून. आमच्या मेंढ्यांच्या वाड्यावर झोपेत पण एक तरी मेंढी मान हलवायची आणि घंटा वाजायची.

हे कुंदनभाईंच्या डायरीत नको होतं लिहायला. पान फाडता येत नाही, मागचं सुटेल.

१७ डिसेंबर

पाचजण नक्की झाले. त्यांतले दोन लक्षात ठेवण्यासारखे. एक धनश्री मॅडम, दातांच्या डॉक्टर, आपल्या मराठीच. फोनवर पहिलाच प्रश्न, "योगराज, तिकडे चहा किती वाजता मिळतो?" दुसरे कापड मार्केटातले एक शेठ. त्यांची लेन्स एवढी मोठी की तिला दुपट्यात गुंडाळून मांडीवर घेतात. शेठ म्हणाले, "काळवीट छे, पक्षी छे, बधु छे मारी पासे. मला लांडगा पाहिजे. समोरून. डोळ्यात डोळा." आठ महिने त्यासाठी थांबलेत म्हणे.

मी म्हटलं, मिळेल शेठ. तोंडातून गेलं.

१९ डिसेंबर, शुक्रवार

हजिऱ्याहून बोट. गाडी पोटात घेते आणि चार तासांत पलीकडे घोघ्याला सोडते. जाताना इच्छापोरच्या कंपनीचं गेट लागलं. पाळी सुटत होती. खिडकीतून कोणी ओळखेल म्हणून मान वळवली, मग वाटलं, बघू दे की! कोणीच बघितलं नाही.

समुद्र चहासारखा. लोक बगळ्यांसारख्या पांढऱ्या पक्ष्यांना गाठिया फेकत होते. मला तापी आठवली. पावसाळा संपला की आम्ही मेंढ्या घेऊन उताराने पलीकडे जायचो. मेंढी पाण्याला भिते. आबा आधी एकट्या टिकलीला कानाला धरून ओढत पाण्यात न्यायचे. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून टिकली. ती निघाली की तिच्या शेपटीमागे दीडशे जणी निघायच्या, एकमेकींवर डोकी ठेवून. मी सगळ्यात मागे, खांद्यावर कोकरू. कोकराचं पोट मानेला गरम लागायचं. अजून थंडीत मान गार पडली की तिथे हात जातो.

मॅडमनी विचारलं, "बोट लागते का रे तुला?" म्हटलं, नाही.

२० डिसेंबर, शनिवार. वेळावदर

हे कुंदनभाईंसाठी: सकाळी ६.५० काळवीट, साठ-सत्तर. ७.२० नीलगाय अकरा. ८.०५ तरस एक, लांबून. लांडगा नाही.

आता माझं. काळविटांच्या या पार्कात झाडच नाही. सगळं गवत, सोन्यासारखं, आणि वर मोकळं आभाळ. गाडीतून उतरू देत नाहीत नाहीतर चप्पल काढून चाललो असतो. आमच्याबरोबर पार्कचे गाईड आहेत, नाथाभाई. मिशीवाले. बोलायला पैसे पडतात असं वागतात. मी लांब बोट करून "तिथे मादी बसलीय, पिल्लू आहे जवळ" म्हटलं तेव्हा त्यांनी आधी गवताकडे बघितलं, मग माझ्याकडे. "क्यां शीख्यो?" म्हटलं, घरी.

संध्याकाळी भोवत्ये. शिकारी पक्षी, थंडीचे लांबून येतात, कुठल्या कुठल्या बर्फाच्या देशांतून, आणि रात्री सगळे या गवतात जमिनीवर झोपतात. सूर्य खाली गेला तसे चारी बाजूंनी यायला लागले. आवाज नाही, काही नाही. गवतावर एक घिरटी, मग खाली. दुसरा. दहावा. शेकड्याने. सगळे क्लिकक्लिक करत होते आणि मी मोजत होतो. ओठ हलत होते माझे. आबा संध्याकाळी वाड्याच्या तोंडाशी काठी आडवी धरून उभे राहायचे, एकेक मेंढी काठीखालून आत जायची, आणि ते असेच ओठ हलवायचे. आकडा जुळला की काठी उचलून खांद्यावर. जुळला नाही की मायकडे बघायचे. मायला न बोलता कळायचं, ती कंदील पेटवायची.

त्या दिवशी एक कमी येणार हे सकाळपासूनच माहीत होतं. टिकली.

एकदाच लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल. साक्रीच्या पुढे एका शेतकऱ्याच्या रानात मेंढ्या बसवल्या होत्या. रानाला खत मिळतं, आम्हाला धान्य. नुकतं उजाडलं होतं. मेंढ्या वाड्याबाहेर काढून मी राखत होतो, आबा नाल्यावर पाण्याला गेले होते. तुरीच्या शेतातून तो बाहेर आला. कुत्र्यापेक्षा पाय उंच. तोंडातून वाफ निघत होती. आधी माझ्याकडे बघितलं त्याने, मेंढ्यांकडे नाही. डोळे पिवळे, आपण गूळ उन्हात धरतो तसे. मला ओरडायचं होतं. आबांची आरोळी मला येत होती, रोज ऐकायचो. "होऽऽ हुर्रा!" दोन शेतं पलीकडे जायची. पण तो इतका – काय लिहू – इतका नीट होता. मी बघतच राहिलो. तो मेंढ्यांत शिरला, घाई न करता, आणि टिकलीला घेऊन गेला. आबा धावत आले तेव्हा तूर हलायची पण थांबली होती.

आबांनी मारलं नाही. मारलं असतं तर बरं. आजोबांना, मामाला, शेतकऱ्याला, ज्याला त्याला सांगितलं, पोराच्या घशात आवाज नाही, मेंढ्या राखणं याचं काम नाही. तीन वर्षांनी मामाबरोबर सुरतला पाठवलं.

२१ डिसेंबर, रविवार

लांडगा नाही. सकाळी नाही, संध्याकाळी नाही. शेठ जेवताना मोठ्याने म्हणाले, "कुंदनभाई होत तो अत्यार सुधी बे वार जोवा मळत." कुंदनभाई असते तर एव्हाना दोनदा दिसला असता, म्हणे. सगळे ताटात बघायला लागले. मॅडम म्हणाल्या, "कुंदनभाईंनी मागच्या वर्षी आम्हाला लांडगा म्हणून गावचं कुत्रं दाखवलं होतं. अर्धा तास फोटो काढले मी." हशा झाला. शेठ हसले नाहीत.

उद्याची सकाळ शेवटची.

शेवटी मायला फोन लावला. आबांशी बोलायचं नव्हतं. मायला म्हटलं, सहज विचार, पाव्हना कुठे बघावा. ती म्हणाली, "हाई शेतस ना इथंच खाटवर, तूच इचार." म्हटलं, नाही, तूच. मग तिकडून सगळं ऐकू येतच होतं. आबा म्हणाले, "त्याले इचार, वारा कोठून शे." मी मायला म्हटलं, सांग, उत्तरेकडून. माय म्हणाली, "उत्तरेकडून म्हणस." असं पाच मिनिटं चाललं. बाप तीन हातांवर, मध्ये माय टपाल.

शेवटी आबा म्हणाले ते असं: गवतात कशाला शोधतोस. बाहेर बघ. सकाळी जिथून गावची मेंढरं निघतात, तिथे तो आधीच येऊन बसलेला असतो. वारा तोंडावर घेऊन. तू त्याच्या वाऱ्याखाली थांब आणि हलू नको. मग माय म्हणाली, "आनि म्हणतस, यानाशी वरडानं तं व्हनारच नही, तवय घाबरू नको."

नाथाभाईंना विचारलं. ते म्हणाले, हद्दीबाहेर एका भरवाडाचा, म्हणजे इकडच्या धनगराचा, कळप आहे, सव्वासातला निघतो. पहिल्यांदाच पूर्ण वाक्य बोलले.

२२ डिसेंबर, सोमवार

लगेच लिहून ठेवतो.

आबांचं म्हणणं अक्षरशः खरं. पार्कच्या बाहेर, वेड्या बाभळीच्या आडोशाला गाडी लावली, वाऱ्याखाली. साडेसहाला थंडी अशी की शेठनी दुपटं लेन्सवरून काढून कानाला बांधलं. सव्वासातला भरवाडाच्या मेंढ्या निघाल्या. घंटा. किती वर्षांनी घंटा ऐकल्या मी. धूळ, लेंड्यांचा वास, आणि म्हातारा भरवाड मागे काठी मानेवर आडवी टाकून, हात काठीवर लोंबते. आबाच.

आणि तो उठला. आमच्यापासून चाळीस पावलांवर, खाऱ्या जमिनीवर, आधीपासून तिथेच होता, आम्हाला दिसला नव्हता. मलाही. उठला आणि आमच्याकडे वळून बघितलं. समोरून. डोळ्यात डोळा. तोंडातून वाफ. तेच गुळाचे डोळे.

मी कुजबुजलो, "शेठ, घ्या." शेठनी लेन्स उचलली. बाकीच्यांनी पण. मी बरोबर केलं होतं सगळं. तीन दिवसांत पहिल्यांदा छाती भरून आली.

कोणाचा फोकस जुळायच्या आतच त्याने मान वळवली मेंढ्यांकडे. कळपाच्या कडेला एक पोटुशी मेंढी मागे राहिली होती, चालवत नव्हतं तिला. तो खाली दबून निघाला.

आणि मी ओरडलो.

ठरवून नाही. मी उघड्या गाडीत सीटवर उभा होतो, दोन्ही हात वर, आणि छातीच्या खालून कुठून तरी आबांची आरोळी निघाली. होऽऽ हुर्रा! होऽऽ हुर्रा! समोरची काच थरथरली. शेठच्या हातून लेन्स पडता पडता राहिली. लांडगा वळला आणि तीन उड्यांत नाहीसा. मेंढ्या एकमेकींत घुसल्या. भरवाड जागच्या जागी थांबून आमच्या गाडीकडे बघत राहिला.

मग शेठ बोलले. ते लिहीत नाही. "गांडो छे? गांडो छे आ?" वेडा आहे का हा, एवढं लिहितो. एकाच्याही कॅमेऱ्यात लांडगा नाही. शेपटी एकाकडे आहे, तीही हललेली.

भरवाड चालत आला. मला म्हणाला, "कोनो दीकरो छे तू?" मी गुजरातीत सांगायला गेलो, जमेना. म्हटलं, खानदेशचा, मेंढ्यांवाल्यांचा. त्याने मान हलवली आणि नाथाभाईंना म्हणाला, हा फोटोवाला नाही. मग सगळ्यांना मेंढीच्या दुधाचा चहा पाजला. शेठ प्याले नाहीत. मॅडम दोन कप प्याल्या.

लांडगा: ७.२२. एक. मी पळवला.

२३ डिसेंबर

परतीची बोट. शेठ वरच्या डेकवर बसले, मी खाली गाडीपाशी. मॅडम जिना उतरून आल्या. म्हणाल्या, "सगळे लांडग्याकडे बघत होते, माझा कॅमेरा धक्क्याने तुझ्याकडे फिरला." दाखवला. तोंड एवढं उघडं की अक्कलदाढ दिसतेय. "दातांच्या डॉक्टरला याहून चांगला फोटो नाही मिळायचा," म्हणाल्या. हात वर, मानेच्या शिरा ताठ. मी स्वतःला ओळखलंच नाही आधी.

फोनवर पाठवला त्यांनी. मी मायला पाठवून दिला. खाली काही लिहिलं नाही.

२५ डिसेंबर, गुरुवार

कुंदनभाई. पाय स्टुलावर. ओरडले नाहीत. "शेठने पाच जणांना फोन केले. लांडगा हाकलणारा लीडर, म्हणे. काय करू सांग मी?" मी म्हटलं, काही नका करू. ट्रिपचे ठरलेले पैसे पूर्ण दिले, कापले नाहीत. पुढच्या ट्रिपला नवसारीचा एकजण लीडर. मी स्टिअरिंगवर. "आणि बोलायचं नाही, समजलं? खोकायचं पण नाही."

सोमवारपासून लूमवर. मामाने माझा डबा घासून ठेवला, त्याचंच जास्त लागलं.

डायरी परत द्यायला गेलो तर म्हणाले, राहू दे तुझ्याकडेच.

२७ डिसेंबर, शनिवार

सकाळी फोन. मायचा नंबर, पण आबा. आबा स्वतः कधी लावत नाहीत, त्यांना आकडे दाबता येत नाहीत. शेतकऱ्याच्या पोरीकडून लावून घेतला म्हणे.

आधी नुसता वारा. मग, "फोटू दखा."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"वरडना तू?"

म्हटलं, हो आबा. पाव्हना मेंढीवर चालला होता. पोटुशी होती.

"कोनी मेंढी?"

म्हटलं, भरवाडाची. कोण कुठला. माझं काम गेलं त्यात, आता तुम्ही पण बोला.

मागे घंटा वाजत होत्या. मग म्हणाले, त्या दिवशी मी नाल्यावर नव्हतो.

मी म्हटलं, काय?

पाणी भरून परत आलो होतो, म्हणाले. बांधावर होतो, तुझ्या मागे वीस पावलांवर. तो तुरीतून निघाला तेव्हा मी बघितला. तू त्याला बघत होतास. आणि तो तुला. "मी बी देखत व्हतू." हंडा खांद्यावर, आरोळी घशात आलेली. पण ती मारली असती तर तो गेला असता ना, म्हणाले. तुझं तोंड असं झालं होतं की अजून थोडं बघू दे पोराला, असं वाटलं. आणि मलापण बघायचा होता. जन्मभर त्याला हाकलतच आलो, उभा राहून कधी बघितलाच नव्हता. तेवढ्यात गेली टिकली.

"मंग तुना आजाले काय सांगू? का मी ऱ्हायनू देखत? पोऱ्या ल्हान, त्याले कोन काय बोलस, म्हणीसन तुन्यावर ढकलं." मग सांगत गेलो, म्हणाले. सांगता सांगता मलाच खरं वाटायला लागलं.

तेरा वर्षं! रागाने फोन आपटावा असं वाटलं, आणि कानापासून दूर पण करवेना. बांधावर उभे आबा दिसायला लागले, हंडा खांद्यावर. मी कधी मागे वळून बघितलंच नव्हतं.

शेवटी म्हणाले, "आरोयी मनीच शे फोटूमा. तोंड बी मनंच." म्हणजे आरोळीही त्यांचीच, तोंडही त्यांचंच. आणि मग, जाता जाता, "तरी ती मेंढी आज तेरा हजारले गई असती."

मी हसलो. ते पण. मायने मागून विचारलं, काय झालं, काय झालं.

२८ डिसेंबर, रविवार

ट्रिपच्या पैशांतून मायच्या खात्यावर पाठवले. आबांना सांगायला सांगितलं – टिकलीचे. निम्मेच. निम्मी मेंढी त्यांच्याकडे लागते.

साडेसहा हजार.